क्लेअरचा अटलांटिक किनारा: किल्की, लूप हेड, बरेन – आत्तापर्यंतचं अपडेट

मंडळी, क्लेअरचं अपडेट बरेच दिवस राहिलं होतं, आज लिहूनच टाकते. नवीन लोकांसाठी थोडक्यात: आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याने वाइल्ड अटलांटिक वे नावाचा साधारण 2500 किलोमीटरचा रस्ता जातो, वर डोनेगलपासून खाली कॉर्कमधल्या किनसेलपर्यंत, 2014 मध्ये या नावाने तो सुरू झाला, आणि बरेच जण तो सुट्टीत गाडीने पळवत उरकतात. मी त्यातली एकच काउंटी धरलीय, क्लेअर, आणि ती पायी करायची, सगळ्या ऋतूंत करायची. लिमेरिकहून सकाळी निघून रात्री घरी येता येतं हे एक कारण झालं, पण त्याहून मोठं कारण म्हणजे इथला एकच कडा ओहोटीला वेगळा, उधाणाच्या भरतीला वेगळा आणि वादळ होऊन गेल्यावर तिसराच दिसतो, त्यामुळे एकदा जाऊन आलो म्हणजे तो बघून झाला असं होतच नाही.

यावेळची सगळ्यात मोठी प्रगती कुठल्या जागेची नाहीये, स्वेल (दूरच्या वादळांतून किनाऱ्यापर्यंत येणाऱ्या लाटा) वाचता यायला लागलं ही आहे. आपण सह्याद्रीत निघताना पाऊस आणि धुकं बघतो ना, इथे आधी समुद्र बघायचा. आणि नुसती लाटेची उंची बघून चालत नाही, दोन लाटांमधलं अंतर किती सेकंदांचं आहे ते बघायचं, त्याला पिरियड म्हणतात. खोल पाण्यात 8 सेकंदांच्या लाटेची लांबी 100 मीटर असते आणि 16 सेकंदांच्या लाटेची 400 मीटर, म्हणजे पिरियड दुप्पट झाला की लांबी चौपट, आणि अशी लाट उथळ खडकापाशी आली की उभी राहते आणि कुठल्या कुठे वर चढते. दोन मीटर, 8 सेकंद या दिवशी जिथे बसून डबा खाल्ला त्याच खडकावर दोन मीटर, 16 सेकंद या दिवशी पाय ठेवायचा नाही, इतकं सरळ आहे ते.

याच्यासाठी एम 6 नावाचा बोया, म्हणजे लाटा मोजणारं तरंगतं यंत्र, मला फार आवडायला लागलाय. गॉलवेच्या किनाऱ्यावरच्या स्लाइन हेड या टोकाच्या पश्चिमेला 210 नॉटिकल मैलांवर, भर समुद्रात आहे हा, म्हणजे साधारण 390 किलोमीटर. 16 सेकंदांचं स्वेल ताशी 45 किलोमीटरच्या आसपास सरकतं, म्हणजे रात्री झोपताना एम 6 वर मोठे आकडे दिसले तर आठ-नऊ तासांत, सकाळी आपण चहा घेत असू तोवर ते किनाऱ्याला लागलेलं असणार. हा हिशोब जमायला लागला तेव्हापासून मी नकाशा नंतर उघडते, आधी भरती-ओहोटीचा तक्ता, मग बोया, मग मेट एरनचा, म्हणजे आयरिश हवामान खात्याचा, सागरी अंदाज. त्यात स्मॉल क्राफ्ट वॉर्निंग (छोट्या बोटींसाठीचा इशारा) असली की त्या दिवशी कड्याच्या काठाचा प्लॅन रद्द, आतल्या बाजूला बरेन या चुनखडकाच्या भागात जायचं.

आता किल्की. घोड्याच्या नालेसारखा वळलेला छोटा बे आहे आणि त्याच्या तोंडाशी डगर्ना नावाचा खडकांचा पट्टा, त्यातच ते पॉलॉक होल्स. ओहोटी झाली की खडकात नैसर्गिक तलाव उघडे पडतात, प्रत्येक भरतीला पाणी पूर्ण बदलतं म्हणून इतकं स्वच्छ की तळाचा गुलाबी थर, जांभळे सी अर्चिन, अ‍ॅनिमोन, सगळं वरून दिसतं. मी मास्क लावून नुसती तरंगत राहते. ऑगस्ट-सप्टेंबरला पाणी 15-16 डिग्रीपर्यंत जातं, तरी वेटसूट हवाच, आणि ओहोटीच्या खालच्या बिंदूच्या आधी तासभर, नंतर तासभर एवढीच वेळ मी धरते. भरती-ओहोटीतला फरक इथे उधाणाला चार मीटरच्या वर जातो, त्यामुळे पाणी फिरलं की पटापट चढतं. आपल्याकडे हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गावर लाटेने माणसं ओढून नेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात, तिथला तो लाटांनी कापलेला खडकांचा ओटा आणि हे डगर्ना दोन्हीकडे नियम एकच, पाण्याकडे पाठ करायची नाही. गावात उन्हाळ्यात पिशवीतून डिलिस्क म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ आणि उकडलेले पेरीविंकल म्हणजे छोट्या समुद्री गोगलगायी विकायला असतात, पेरीविंकल टाचणीने काढून खायचे, कोकणातल्या माणसाला तर नक्की आवडतील.

तिथूनच क्लिफ वॉक सुरू होतो. क्लेअरच्याच प्रसिद्ध मोहरच्या कड्यांपेक्षा इथले कडे बुटके आहेत पण गर्दी नाही आणि खडकाचे थर अगदी जवळून बघायला मिळतात. वाटेत इंट्रिन्सिक बे लागतो, 1836 च्या जानेवारीत लिव्हरपूलहून न्यू ऑर्लिन्सला निघालेलं इंट्रिन्सिक नावाचं जहाज वादळात इथे अडकून फुटलं, कोणीच वाचलं नाही. वर उभं राहून खाली बघितलं की कळतं, तिन्ही बाजूंनी सरळसोट भिंत, दोर टाकायला लोक वर असले तरी उपयोग काय.

लूप हेडवर मात्र मी अक्षरशः वेडी झालेय. लांब, निमुळतं द्वीपकल्प, एका बाजूला शॅननची खाडी जिच्यात बॉटलनोज डॉल्फिन राहतात, दुसऱ्या बाजूला मोकळा अटलांटिक, आणि टोकाला 1854 चं दीपगृह. दीपगृहाच्या पलीकडे गवतात पांढऱ्या दगडांनी EIRE हे देशाचं आयरिश नाव कोरल्यासारखं मोठ्ठं मांडलंय, दुसऱ्या महायुद्धात विमानांना वरून कळावं की हा तटस्थ देश आहे. टोकाशी एक उंच सुळका मुख्य जमिनीपासून अरुंद फटीने तुटलेला आहे, गोष्ट अशी की माल नावाची चेटकीण कू हुलिन या आयरिश दंतकथांतल्या वीराच्या मागे लागली, त्याने या फटीवरून उडी मारली आणि परत मारली, तिची मात्र परतीची उडी हुकली. ती फट बघितल्यावर गोष्ट का तयार झाली ते पटतं, वारा असेल तर खालचा फेस वर उडून येतो.

पण भूगर्भवाल्यांसाठी खरा खजिना ब्रिजेस ऑफ रॉस. पूर्वी तीन नैसर्गिक कमानी होत्या, दोन कोसळल्या, एकच उरलीय आणि ती पार्किंगमधून दिसत नाही, थोडं चालावं लागतं. हे थर साधारण 32 कोटी वर्षांपूर्वी खोल समुद्रात साचले, उतारावरून वाळू-चिखलाचे लोंढे येऊन बसत गेले, आणि एका ठिकाणी अख्खा थर ओला असतानाच घसरला, त्याच्या वळकट्या तशाच दगड झाल्यात. त्या घसरलेल्या थराच्या माथ्यावर वाळूचे छोटे ज्वालामुखी आहेत, दाबाने पाणी वर फुटताना सोबत वाळू आली त्याचे शंकू. मी तर गुडघ्यावर बसून बघत बसले, आमच्या ग्रुपातला कोल्हापूरचा मित्र बसाल्टवर वाढलेला माणूस, तो पण अर्धा तास हलला नाही.

मोहरबद्दल फार लिहित नाही, सगळ्यांना माहितीये. 214 मीटर, पफिन पक्षी बघायचे तर एप्रिल ते जुलै, आणि कड्यावरच्या पायवाटेचे काही भाग 2024 पासून बंद केलेत, तेव्हा निघण्याआधी कुठला भाग चालू आहे ते बघूनच जा. कुंपणाला लावलेल्या फरशा मात्र थांबून बघा, त्यांच्यावरच्या वळणावळणाच्या रेघा म्हणजे प्राचीन प्राण्यांच्या सरपटण्याच्या खुणा आहेत.

उत्तरेला ब्लॅक हेडपाशी एकदम सगळं बदलतं, बरेनचा चुनखडक थेट समुद्रात उतरतो. करड्या लाद्या आणि मधे खोल भेगा, त्या भेगांत वाऱ्यापासून आडोसा मिळतो म्हणून नेचे वाढतात. लाद्यांवर मधेच ग्रॅनाइटचे मोठे धोंडे पडलेत, बर्फाने गॉलवेच्या बाजूने ओढून आणलेले. मे महिन्यात तिथे स्प्रिंग जेन्शियनचा निळा रंग बघायला जाच, कासचं पठार बघितलेल्यांनाही. उत्तर ध्रुवाकडची माउंटन एव्हन्स आणि भूमध्य समुद्राकडचं ऑर्किड एकाच लादीच्या आजूबाजूला फुलतात. आणि हे टिकलंय ते शेतकऱ्यांमुळे. बाकी जगात गुरं उन्हाळ्यात डोंगरावर नेतात, इथे हिवाळ्यात नेतात, खडक उन्हाची ऊब धरून ठेवतो आणि जमीन कोरडी राहते म्हणून. गुरं हिवाळ्यात दाट गवत खाऊन टाकतात, वसंतात फुलांना उजेड मिळतो. ही पद्धत बंद पडली की हेझलची झुडपं सगळं झाकून टाकतात. निसर्ग वाचवायचा म्हणजे माणसाला बाहेर काढायचं असं मानणाऱ्यांनी इथे एकदा यावंच असं मला मनापासून वाटतं.

सामानाबद्दल विचारलं होतं कोणी: घोट्याला आधार देणारे बूट (लाद्यांच्या भेगांत पाय मुरगळतो), वाऱ्याचं जॅकेट, छत्री अजिबात नको, फोन पाऊचमध्ये. काही झालं तर 112 किंवा 999 लावून कोस्टगार्ड मागायचं, आणि कोणी पाण्यात पडलेलं दिसलं तर मागे उडी नाही, आधी फोन.

पुढचं ठरलंय ते असं. ब्रिजेस ऑफ रॉसला सप्टेंबरमध्ये पक्षी बघायला, जोराचा वायव्य वारा सुटला की शिअरवॉटर, स्कुआ, पेट्रेल किनाऱ्याच्या अगदी जवळून जातात, त्यासाठी टेलिस्कोप उसना मिळालाय. तारीख आधी सांगता येणार नाही, वारा फिरला की आदल्या रात्री निघायचं. डब्लिनहून कोणाला यायचं असेल तर आत्ताच सांगून ठेवा, गाडीत दोन जागा आहेत.