कागदावर तीक्ष्ण, गच्चीवर बहिरा

वायरलेस सेट दुरुस्तीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये कामं ठरलेली असतात: बसलेली बॅटरी, पाणी शिरलेला सेट, तुटलेला अँटेना सॉकेट. त्या दिवशी मात्र डोंगरातल्या शोधपथकाचे एक हॅम (परवाना असलेले हौशी रेडिओवाले) दोन हँडहेल्ड, म्हणजे हातात धरायचे सेट, टेबलावर ठेवून म्हणाले, "दोन्हीवर दोन मीटर आणि सत्तर सेंटिमीटर हे आमचे हॅम बँड चालतात. पण शेजारच्या पथकाचं यूएचएफसुद्धा ऐकायचंय. ४५० मेगाहर्ट्झच्या वर आहे ते. परवानगी घेतलीय, बोलायचं नाही. यातला कुठला ठेवू?"

छोट्या सेटच्या माहितीपत्रकात रिसीव्ह ४०० ते ५२० मेगाहर्ट्झ. दुसरा जाडजूड सेट सुपरहेट, म्हणजे सिग्नल टप्प्याटप्प्याने गाळून घेणारा; त्याचा पल्ला ४७० लाच संपत होता. सिग्नल जनरेटरला (चाचणीचा सिग्नल देणाऱ्या यंत्राला) लावले, तर हॅम बँडमध्ये दोघे सारखे आणि ४६० वर छोटाच थोडा सरस. छोटाच ठेवायचा म्हणून त्यांनी जाडा सेट परत पिशवीत टाकलासुद्धा. मी विचारलं, "मोहिमेत तळ कुठे टाकता?"

"माथ्यावर. टॉवरच्या बुडाशीच."

मग गच्चीवर चला म्हटलं. आमच्या शेजारच्या इमारतीवर ट्रान्समीटरांची गर्दी आहे. गच्चीवरच्या अँटेनाला छोटा सेट जोडून दूरचा रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारं केंद्र) लावला. आवाज स्पष्ट, आणि मध्येच ठार शांतता. पुन्हा आवाज, पुन्हा शांतता. शेजारचा एखादा ट्रान्समीटर चालू झाला की हा बहिरा. स्वस्त सेटमध्ये सगळं रिसीव्हर काम एकाच चिपवर चालतं आणि चिपच्या पुढे फिल्टर जेमतेम असतो. डोळ्यांवर टॉर्च मारला की मागचा माणूस दिसेनासा होतो, तसं. रिपीटरपासून कितीतरी मेगाहर्ट्झ लांबचा दणकट सिग्नलही त्याची संवेदनशीलता खाली पाडतो. त्याच अँटेनावर जाड्या सेटने रिपीटर सोडला नाही. माझ्या मते रिसीव्हचा लांबलचक पल्ला ही माहितीपत्रकातली सर्वांत फसवी ओळ आहे.

खरा धक्का पुढे होता. शेजारच्या पथकाचा चॅनल जाड्या सेटवर लावला, तर आली नुसती टर्रर्र. सिग्नल भरपूर, शब्द एक नाही. डीएमआर, म्हणजे डिजिटल रेडिओ! त्यात तीस-तीस मिलिसेकंदांच्या दोन खणांत आळीपाळीने डेटा जातो. ॲनालॉग एफएम सेट कितीही महागडा असला तरी त्यातून बोलणं निघत नाही. डीएमआर सेट घेतला असता तरी एन्क्रिप्शन असेल तर तोंडात बोट.

त्यांनी तिथूनच त्या पथकाला फोन लावला. संयुक्त मोहिमेचा चॅनल वेगळा, ॲनालॉग होता, १२.५ किलोहर्ट्झचा नॅरो (अरुंद), टोनसह, म्हणजे आवाजाबरोबर जाणाऱ्या ओळखीच्या सुरासह. म्हणजे स्टेप बघणं आलं. पाच-पाच किलोहर्ट्झने सरकणारा सेट असल्या फ्रिक्वेन्सीवर नेमका बसत नाही, जाड्यात ६.२५ ची स्टेप होती. रिसीव्हला टोन मी लावला नाही. एखाद्याचा टोन चुकला तरी त्याची हाक ऐकू यायला हवी. बँडविड्थ नॅरो केली आणि त्या चॅनलवर ट्रान्समिट बंद केलं. हॅम परवान्याने तिथे बोलता येत नाही आणि घाईत पीटीटी (बोलायचं बटण) दाबला जातोच.

जाडा सेट तळासाठी ठरला. छोटाही त्यांनी ठेवला, खाली दरीत स्वतःच्या रबरी अँटेनावर वापरायला. तिथे तो उत्तम चालेल.