पोरांचा धंदा कापा म्हणे!

मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात काही सादर करायचं असेल तर गोषवारा एका पानात द्या आणि त्याची पोच घ्या. पोच नसली की तो कागद ‘आलाच नव्हता’ होतो. माझा अर्ज, तारीख, माइक सगळं झटपट झालं. घोडं पेंड खात होतं ते गोषवाऱ्यापाशी.

मला ‘स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन’ या अंतराळातल्या टीव्ही मालिकेचा 1993 मधला ‘प्रोग्रेस’ हा भाग कथाकथनातून सांगायचा होता. बाजोर नावाच्या ग्रहाच्या सरकारला त्याच्या एका चंद्राच्या गाभ्यातून ऊर्जा काढायचीय. त्याने तिथली हवा विषारी होणार, म्हणून वस्ती हलवलीय. मलिबॉक नावाचा म्हातारा शेतकरी मात्र हटून बसलाय आणि त्याला उठवायचं काम मेजर किरा या बाजोरच्याच अधिकारी बाईच्या गळ्यात पडलंय. इकडे अंतराळस्थानकावर जेक आणि नॉग ही दोन पोरं पडून राहिलेला सॉस देऊन ‘स्टेम बोल्ट’ नावाचे यंत्राचे सुटे भाग घेतात, बोल्ट देऊन जमीन.

‘‘म्हातारा ठेवा, पोरांचा धंदा कापा. अर्धाच तास आहे,’’ कार्यक्रम बघणारे भाऊसाहेब म्हणाले. मी समजवायला जावं, तर दारातला माणूस सांगणार, ‘‘साहेब जमवा गया छे.’’ वडोदऱ्यात जेवणाची सुट्टी किती लांबते हे मला तेव्हा कळलं. कोपऱ्यावरची सेवउसळ खाऊन परत यावं, तरी खुर्ची रिकामीच.

अहो, दोन्हीकडे विषय जमिनीचाच आहे! तिकडे एक जण जमिनीसाठी जीव द्यायला निघालाय, इकडे पोरांनी न बघितलेली जमीन बोल्टांच्या बदल्यात घेतलीय. तीही सरकारलाच हवी असते आणि पोरं नफ्यात येतात. आपण हसतो आणि लगेच मलिबॉककडे परतलो की ते हसू घशात अडकतं. पोरं काढली तर उरतं ते विस्थापनावरचं भाषण. शिवाय स्थानकाचे सेट आधीच उभे असतात. तिथे बेतलेलं उपकथानक निर्मात्याला स्वस्त पडतं आणि बाकीच्या नटांनाही काम मिळतं. हे सगळं मी गोषवाऱ्यात लिहिलं होतं. वाचलं कुणी?

शेवटी भाऊसाहेब एकदा जागेवर सापडले. वाद न घालता मी त्यांना गोष्ट पोरांशिवायच सांगून दाखवली. किरा चंद्रावर उतरली, म्हाताऱ्याशी भांडली, त्याची भट्टी बांधायला लागली, भट्टी झाली. भाऊसाहेबांनी चष्मा काढला. ‘‘इतक्यात झाली पण?’’

‘‘मधला वेळ पोरांकडे होता,’’ मी म्हटलं.

मग पोरं राहिली. किरा शेवटी ती भट्टी मोडून घर जाळते तेव्हा सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही, याचा मला अजून अभिमान आहे.

तुम्हीही समितीला लेखी कारणं देत बसू नका, कापलेली गोष्ट ऐकवा. प्रोजेक्टरचा अर्ज वेगळा असतो, तो सकाळीच द्या. आणि ‘सुधारित गोषवारा’ मागतील तेव्हा जुन्यावरच नवी तारीख टाका. माझा चालला.