टेकण लावल्याशिवाय हौद्याखाली नाही

कुडाळच्या अलीकडे, महामार्गाला लागून आमचं वर्कशॉप आहे. काम एकाच प्रकारचं: डंपरांचे हायड्रॉलिक जॅक, पंप आणि त्यांच्या लाइनी. त्यातही जुन्या गाड्या जास्त. इंजिनाला आम्ही हात लावत नाही, त्यासाठी शेजारीच उत्तम मेस्त्री आहेत.

हा धंदा बाबांनी कोकण रेल्वेच्या कामाच्या दिवसांत सुरू केला. १९९० साली महामंडळ स्थापन झालं आणि २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाला. मधल्या काळात भरावासाठी, बोगद्यातल्या दगडमातीसाठी मिळेल तो डंपर इकडे आला. त्यात जुन्या टाटा मर्सिडीज बेंझही होत्या. टेल्कोचा (आताची टाटा मोटर्स) डाइमलर-बेंझशी करार १९५४ ते १९६९ असा चालला, म्हणजे पुढच्या जाळीवर मर्सिडीजचा तारा असलेली गाडी तेव्हाच म्हातारी झालेली. काम संपलं तरी त्यातल्या काही इथेच राहिल्या. कुणी चिरेखाणीत घेतली, कुणी रेडीकडे खनिजाला लावली. इंजिन उघडणारे पुष्कळ होते, जॅक उघडणारे कमी. बाबा जॅक उघडायचे.

शेडमध्ये पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक पोराला ते पहिल्याच दिवशी सांगायचे, "तेलार भरवसो ठेव नको. आधी टेकण, मगे तू."

टेकण म्हणजे उचललेल्या हौद्याखाली लावायचा लोखंडी आधार. कारण साधं आहे. या गाड्यांचा जॅक फक्त वर ढकलतो. हौदा खाली येतो तो स्वतःच्या वजनाने. वर उभा केलेला हौदा म्हणजे कोंडलेल्या तेलावर तोललेलं टन-दीड टन लोखंड. होज फुटली, सील उलटलं किंवा केबिनमधल्या लिव्हरला कुणाचा गुडघा लागला, की तेल टाकीकडे धावतं आणि हौदा चेसीवर येतो. खालच्या माणसाला हाक मारायलाही वेळ मिळत नाही.

म्हणून आमच्याकडे गाडी सपाट, कडक जागेवर उभी राहते, हौदा रिकामा. चाकांना पुढून-मागून ठोकळे. वर विजेची तार नाही याची खात्री झाली की हौदा उचलायचा. टेकणं दोन, आम्हीच सी-चॅनलची बनवलेली. लावणारा चाकाच्या बाहेर उभा राहून लावतो, अंग आत घालत नाही. टेकणाचं खालचं टोक चेसीच्या लांब चॅनलवर, वरचं हौद्याच्या आडव्या चॅनलखाली. पत्र्याला टेकवलं तर पत्रा वाकतो आणि टेकण निसटतं. मग लिव्हर हळूहळू सोडायची, हौदा टेकणांवर पुरता बसेपर्यंत. पीटीओ (इंजिनाची ताकद पंपाला देणारा जोड) काढला, इंजिन बंद केलं, की लिव्हर 'खाली'च्या जागेवरच ठेवायची म्हणजे लाइनीत दाब कोंडून राहत नाही. चावी जो खाली जाणार त्याच्या खिशात. हे सगळं झाल्यावर पहिला नट सैल होतो.

आपल्याकडे चिरा हाताशी असतो, त्यामुळे त्याचं टेकण करायचा मोह होतो. तो कधीच वापरू नये. जांभ्याची भिंत शंभर वर्षं उभी राहते, पण एका कोपऱ्यावर भार आला की तोच चिरा तडकतो.

या शिस्तीपायी सुरुवातीला गिऱ्हाइकं गेली. ड्रायव्हरला घाई असायची, "पाच मिनिटांचं काम, भरलेलाच उचलतो, खालून बघा" म्हणायचा. बाबा नाही म्हणायचे आणि तो पुढच्या गॅरेजला जायचा. पुढे खाणवाल्यांनाच ही पद्धत पटली. आता काही जण आमच्याकडून टेकणांची जोडी बनवून नेतात आणि गाडीलाच अडकवून ठेवतात. या धंद्यात मला सगळ्यात जास्त समाधान देणारी विक्री हीच आहे, नफा किरकोळ असला तरी.

आमचं निम्मं काम इथली हवा पुरवते. खारा वारा, धोधो पाऊस आणि खाणीतली लाल धूळ. जॅकचा दांडा उघडा राहिला की त्यावर बारीक खड्डे पडतात. नखाला लागणार नाही इतका खड्डा सील चिरायला पुरतो. म्हणून मृगाआधी आम्ही सांगतो: हौदा खाली बसवूनच गाडी उभी करा, म्हणजे दांड्याचे टप्पे आत, तेलात राहतील. टाकीच्या झाकणाचं श्वासाचं भोक आणि जाळी साफ करा. तेलाची पातळीही हौदा खाली असतानाच बघायची. वर असताना टाकी काठोकाठ भरली तर हौदा उतरवताना तेल बाहेर येतं.

दसऱ्यानंतर खाणी सुरू होतात तेव्हा पहिली तपासणी तेलाची. दुधाळ दिसलं तर पाणी आहे हे उघडच. शंका असेल तर आम्ही तवा तापवतो आणि गॉगल लावून त्यावर तेलाचा एक थेंब सोडतो. शुद्ध तेल नुसतं पसरतं, पाणी असेल तर चुरचुरतं. मोहरीच्या फोडणीसारखा तो आवाज एकदा कानात बसला की विसरत नाही. तेल बहुतेक गाड्यांना ६८ नंबरचं हायड्रॉलिक चालतं, पण पंपाच्या पट्टीवर काही लिहिलेलं असेल तर आधी ते. ब्रेक ऑइल मात्र चुकूनही ओतू नका, सीलांचा रबर फुगून मऊ होतो.

गळती बोटाने शोधू नका, हे मी हात जोडून सांगतो. लाइनीतला दाब चौरस सेंटिमीटरला शंभर किलोच्या वर सहज जातो, आणि सुईएवढ्या भोकातून उडणारं तेल ट्रकच्या टायरात असतो तेवढ्या दाबालाही कातडीत शिरू शकतं. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, आणि आत बोट कुजत जातं. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवा, त्यावर डाग उमटेल. कुणाला लागलंच तर मलम लावून थांबू नका. आमच्या भागातून थेट गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात न्या आणि प्रेशरचं तेल आत गेलंय हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. यात तासांचा हिशोब असतो.

अलीकडे जुनी गाडी हौसेने उभी करणारेही येतात. मागे असाच एक तारावाला डंपर घाटावरून आला. हौदा उचलत नाही म्हणून कुणीतरी रिलीफ व्हॉल्व्ह पार आवळून ठेवला होता. खरा दोष झिजलेल्या पंपात होता. जास्त दाब कोंडला तर सुटायला जागाच ठेवली नव्हती. व्हॉल्व्ह गेज लावून पुन्हा बसवला, पंप उघडला, होजा सगळ्या नव्या घातल्या, चांगल्या दिसत होत्या त्यासुद्धा. हौद्याला वेल्डिंग होतं, तेव्हा अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावला. चेसीला लावला असता तर करंट पिनांतून आणि जॅकच्या दांड्यातून गेला असता, आणि ठिणगीने क्रोम खराब झालं असतं.

गाडी आणताना हौदा रिकामा करून, फाळका बांधून आणा. पीटीओ सुटलाय याची खात्री करूनच रस्त्याला लागा, नाहीतर पंप वाटेतच जळतो किंवा चालत्या गाडीचा हौदा उठतो. जॅकवर काही नंबर खोदलेला असेल तर फोटो आधी पाठवा, सील किट मागवून ठेवतो. जुन्या जॅकांत चामड्याची वायसरं निघतात, ती आम्ही मापाने कापून तेलात भिजवून देतो, त्याला दोन दिवस धरा.