हिरडीवरची गाठ

मंगळवार

दहावीतली मुलगी, सोबत आई. वरच्या पटाशीच्या दाताला लागून, दोन दातांमधल्या हिरडीवर वाटाण्याएवढी गाठ. दुखत नाही, म्हणून घरी हळद-मीठ चोळणंच चाललं होतं. आईने खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, "मॅडम, कॅन्सर नाही ना?" लेकीला त्याचं काही नव्हतं. "फोटोत दिसते," एवढंच म्हणाली.

दाबून पाहिली तर घट्ट. हिरडीवर येणाऱ्या अशा गाठींपैकी पायोजेनिक ग्रॅन्युलोमा बहुधा मऊ आणि लालभडक, हात लावला की रक्त. जायंट सेल ग्रॅन्युलोमाला निळसर-जांभळी झाक असते. पण जुना पायोजेनिकही घट्ट होतो, तेव्हा नुसत्या बोटावर भरवसा नको. एक्स-रेत हाड शाबूत, गाठीच्या जागी मात्र बारीक पांढरे ठिपके. पेरिफेरल ऑसिफाइंग फायब्रोमा असावा, म्हणजे आत हाड धरणारी हिरडीवरची तंतुमय गाठ. वय दहा ते एकोणीस, मुलगी, पुढचे दात, सगळंच जुळतंय.

शुक्रवार

गाठ काढली. वरवर कापून भागत नाही. ती उगवते दाताचं मूळ हाडाला धरून ठेवणाऱ्या पडद्यातून, म्हणून हाडापर्यंत जाऊन तळ खरवडावा लागतो, मुळावरचं कीटण काढावं लागतं. एवढं करूनही 8 ते 20 टक्के रुग्णांत ती परत येते. आणि जितकं खोल जावं तितकी पुढच्या दातांमधल्या हिरडीत खाच राहण्याची भीती. पंधरा वर्षांच्या मुलीच्या तोंडात हा हिशेब मला दरवेळी जड जातो. आज खोलच गेले. पुन्हा उगवली तर दुसऱ्यांदा याहून जास्त हिरडी जाईल. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये घालून पॅथॉलॉजीला पाठवला.

गुरुवार

रिपोर्ट आला. दाट तंतुमय ऊती, मधे मधे कोवळं हाड. फायब्रोमाच. नाव ट्यूमरसारखं असलं तरी बरेच पॅथॉलॉजिस्ट याला कीटण किंवा टोचणाऱ्या फिलिंगसारख्या सततच्या त्रासाला हिरडीने दिलेली प्रतिक्रिया मानतात. हाडाच्या आत वाढणारा ऑसिफाइंग फायब्रोमा निराळा, हे आईला दोनदा सांगितलं, कारण त्यांनी फोनवर तोच शोधून वाचला होता.

जखम छान भरतेय. खाच आहे, थोडी. मुलीने आरसा मागितला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "गाठीपेक्षा बरंय." हिरडी वर्षभर स्थिर राहिली तर ग्राफ्टचं, म्हणजे खाचेवर ऊतीचा तुकडा लावण्याचं, बघू. तोवर दर तीन महिन्यांनी तपासणी, पहिली बोर्डाच्या परीक्षेआधीच उरकायची.