सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ

आमच्या आजोबांना लग्नात सासऱ्यांनी मनगटी घड्याळ दिलं आणि त्यांनी ते जन्मभर वापरलं, ही गोष्ट घरातल्या प्रत्येक पोराने ऐकलेली आहे. तिला एक शेपूटही आहे: सासुरवाडीला गेले की आजोबा ते हातातून काढतच नसत, झोपतानासुद्धा. केवढं हे प्रेम! आजोबांच्या मागे ते माझ्याकडे आलं तेव्हा बंद पडलेलं, पट्टा तुटलेला, काचेवर इतके चरे की काटे धुक्यात हरवल्यासारखे.

साताऱ्यात एका जिन्याखाली बसणाऱ्या घड्याळजींकडे ते नेलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाले, "जनता आहे. एचएमटी. मशीन चांगलंय, तेल सुकून चिकटलंय फक्त."

जनता हे नाव डायलवर इंग्रजीत होतंच, मीही ते शंभरदा वाचलेलं. पण लग्न १९५८चं, आणि एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला १९६१ मध्ये. चौथीतल्या पोराला जमेल अशी वजाबाकी. घरात दोन बँकवाले आणि एक गणिताच्या बाई असून ती कुणी केली नव्हती.

मागचं झाकण उघडल्यावर आणखी एक साक्षीदार निघाला. जुने घड्याळजी दुरुस्तीची खूण झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरून ठेवत. आमच्या झाकणात अशा तीन-चार खुणा होत्या, त्यातली सगळ्यात जुनी "८-६७". म्हणजे सदुसष्टच्या ऑगस्टआधी घड्याळ हातात आलेलं होतं.

मशीनवर "१७ ज्वेल्स" लिहिलेलं. आमच्या शेजारच्या काकूंची ठाम समजूत होती की आत सतरा माणकं आहेत आणि दुरुस्तीवाला एखादं हळूच काढून घेतो. माणकं असतात हे खरं, पण कारखान्यात बनवलेली, कवडीमोलाची. बारीक आस फिरताना घासून झिजू नये म्हणून ती खाली बसवतात. आतलं मागेपुढे झुलणारं चाक, म्हणजे बॅलन्स, तासाला अठरा हजार ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच, दिवसाला चार लाख बत्तीस हजार. एवढ्या कष्टांवर तेलाचे काही थेंब आणि रोजची एक चावी, बस.

घड्याळजींनी मशीन पूर्ण खोलून धुतलं, मेन स्प्रिंग बदलली, झिजलेली चावी दुसऱ्या एका मेलेल्या जनतेची लावली. काच मी घरी टूथपेस्टने घासली; प्लॅस्टिकची असल्यामुळे ती उजळतेही. मग विषय निघाला डायलचा. पिवळट पडलेलं, सहाच्या आकड्याजवळ डाग. "नवीन रंगवून देतो, कुठलाही रंग सांगा." हल्ली जुन्या एचएमटी म्हणून ऑनलाइन जी मोरपंखी, नारिंगी, अगदी कुंकवासारखी लालभडक घड्याळं विकायला असतात त्यांतली बरीच अशीच रंगवलेली असतात. कारखाना कायमचा बंद व्हायचा निर्णय २०१६ मध्ये झाला, तरी बाजारात "कोरी" जनता संपत नाही! मी डाग राहू दिला. तो बहुतेक घामाचा होता, आणि घाम आजोबांचा होता.

आजीला विचारलं तेव्हा ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "ते कुठलं हे? ते फेवर लुबा होतं, स्विस घड्याळ. तुझ्या आत्याच्या वेळच्या बाळंतपणात मी आजारी पडले, तेव्हा विकलं."

"आणि हे?"

"पुढं ह्यांनी हप्त्यानं घेतलं. माझ्या वडलांना कळू नये म्हणून. त्यांना इंग्रजी यायचं नाही, वरून काय लिहिलंय ते कळायचं नाही. पण फेवर लुबाच्या मागं त्यांनी ह्यांचं नाव कोरून घेतलं होतं. मराठीत, हौसेनं."

म्हणजे माझ्या थोर आजोबांचं सासुरवाडीतलं घड्याळप्रेम हे होतं तर. रात्री उशाशी काढून ठेवलं आणि सासऱ्यांनी सहज उलटून पाहिलं तर? नशीब, एचएमटीने देवनागरी डायलचीही जनता काढली होती, ती यांनी घेतली नाही.

आत्याला हे काही माहीत नाही. उलट तिचा दावा असा, की घड्याळ तिच्या आजोळचं, तेव्हा हक्काने तिचंच. आजी त्यावर हूं की चूं करत नाही, आणि तिने तोंड उघडल्याशिवाय मी उघडणार नाही.

घड्याळजींना मात्र सगळं सांगून टाकलं आणि मागे नाव कोरलेलं फेवर लुबा कधी हाताशी आलं तर कळवा म्हटलं. ते भिंग काढून हसायलाच लागले. "लग्नातल्या फेवर लुबावर नाव नसेल तर सांगा," म्हणाले, "ते शोधून देतो."