आई-बाबांचा अमेरिकेचा व्हिसा: बडोदा ते बीकेसी

दादाला न्यू जर्सीला जाऊन नऊ वर्षं झाली. इतकी वर्षं दरवेळी तोच बडोद्याला यायचा. गेल्या वर्षी त्याला मुलगी झाली, आणि आईने पहिल्यांदा स्वतःहून विषय काढला, "एकदा जाऊन येऊ या का?" बाबा सत्तरीचे, आई सहासष्टची. दोघांनी कधी विमानात पाय ठेवलेला नाही. त्यांच्यासाठी बी१/बी२ (भेटीचा, फिरण्याचा) व्हिसा काढायला नोव्हेंबर २०२५ मध्ये मी त्यांना मुंबईला घेऊन गेले. आमच्या दांडिया बाजारातल्याच तीन-चार घरांतून त्यानंतर विचारणा झाली, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढते आहे.

प्रवास मुंबईचा असला तरी खरं काम बडोद्यातच होतं, घरी बसून. तिथे आमची चूक झाली.

चूक ही की डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज आम्ही एका एजंटला भरायला दिला. आपल्या शहरात दर दुसऱ्या कॉम्प्लेक्समध्ये व्हिसाची पाटी दिसते. बाबांच्या ओळखीतून गेलो, पासपोर्टच्या झेरॉक्स दिल्या, पैसे दिले, आणि निश्चिंत झालो. अपॉइंटमेंटच्या तीन आठवडे आधी मी सहज म्हणून भरलेल्या अर्जाची पूर्ण प्रत मागवली. वाचताना हातपाय गार पडले. 'अमेरिकेत जवळचे नातेवाईक आहेत का' या प्रश्नाला उत्तर होतं 'नाही'. राहण्याचा पत्ता म्हणून कुठल्यातरी हॉटेलचा पत्ता. फोन केला तर म्हणाला, "मुलगा तिकडे आहे म्हटलं की रिजेक्ट करतात, सगळ्यांचं असंच भरतो."

हे अजिबात खरं नाही, आणि भयंकर धोक्याचं आहे. व्हिसा नाकारला गेला तर पुन्हा अर्ज करता येतो. पण महत्त्वाची गोष्ट खोटी सांगितल्याचं उघडकीला आलं, तर त्यांच्या कायद्याने तो माणूस कायमचा अपात्र ठरू शकतो. दादाचा एच-१बी (नोकरीचा व्हिसा) त्यांच्याच सरकारने मंजूर केलेला, तो आई-बाबांचा मुलगा आहे ही गोष्ट त्यांच्यापासून लपणार कशी? शिवाय अर्जावर सही एजंटची नसते, तुमच्या आईची असते. अर्ज भरायला कोणाची मदत घेतली का, हाही प्रश्न त्यात असतो. मी घरातली मुलगी असूनही माझं नाव तिथे लिहिलं.

एकदा सादर केलेला डीएस-१६० दुरुस्त करता येत नाही, नवा भरावा लागतो. मग अपॉइंटमेंटच्या खात्यात जाऊन नव्या अर्जाचा नंबर घालायचा, कारण तिथला नंबर आणि बरोबर नेलेल्या कन्फर्मेशनच्या पानावरचा नंबर जुळला पाहिजे. आमची अडचण अशी की ते खातं एजंटने स्वतःच्या ईमेलवर उघडलं होतं. पासवर्ड काढून घ्यायला दोन दिवस गेले. म्हणून सगळ्यात आधी सांगते: खातं तुमच्या ईमेलवर, तुमच्या मोबाइलवर उघडा. फी एका माणसाची १८५ डॉलर, दोघांची ३७०, आणि व्हिसा मिळो न मिळो ती परत मिळत नाही. जानेवारी २०२५ पासून तारीख एकदाच फुकट बदलता येते, त्यानंतर पुन्हा फी भरावी लागते. ही सूत्रं दुसऱ्याच्या हातात देऊ नका.

अर्ज भरताना वीस मिनिटं काही केलं नाही तर पान बंद पडतं. सुरुवातीला एए पासून सुरू होणारा अर्ज क्रमांक मिळतो, तो आणि सुरक्षा प्रश्नाचं उत्तर वहीत लिहून ठेवा, म्हणजे भरलेलं वाया जात नाही. फोटो दोन इंच बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, चष्मा काढून. गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या सोशल मीडियाच्या खात्यांची नावं २०१९ पासून विचारतात. आईचं भजनी मंडळासाठी उघडलेलं फेसबुक आहे, तेही लिहिलं.

आता नावाबद्दल, कारण ही खास आपल्या घरांतली गोष्ट आहे. आईचं नाव माहेरी फुलाचं, सासरी नदीचं. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं, आणि एका संध्याकाळीत नाव, मधलं नाव, आडनाव, तिन्ही बदललं. शाळेच्या दाखल्यावर एक बाई, पासपोर्टवर दुसरी. अर्जात 'यापूर्वी दुसरं नाव वापरलं आहे का' असा प्रश्न आहे. एजंटने तिथेही 'नाही' ठोकलं होतं. मी आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, ते नाव आता कोण विचारतंय? चव्वेचाळीस वर्षं झाली." पण लिहायचं म्हटल्यावर तिने पूर्ण नाव सावकाश उच्चारून सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आणि स्पेलिंग बरोबर आहे ना म्हणून स्क्रीनकडे वाकून पाहिलं.

लग्नानंतर नाव बदललेल्या प्रत्येकीने 'हो' लिहून माहेरचं पूर्ण नाव द्यावं. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मिळून 'गिव्हन नेम' असतं. पासपोर्टवर जसं छापलंय तसंच अर्जात घ्या, मनाने तोडू-जोडू नका. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी आहे, त्यांचं सगळं नाव अर्जात आडनावाच्या रकान्यात जातं आणि नावाच्या जागी 'एफएनयू', म्हणजे 'पहिलं नाव माहीत नाही', येतं. पुढे तिकिटावर, विमानतळावर तेच नाव चालत राहतं. त्यापेक्षा आधी आपल्या इथल्या पासपोर्ट सेवा केंद्रात जाऊन पासपोर्ट सुधारून घेतलेला बरा. ३६ पानी पासपोर्टची फी १५०० रुपये आहे.

अहमदाबादेत अमेरिकेची वकिलात उघडणार असं २०२३ मध्ये जाहीर झालं. ती सुरू होईल तेव्हा आपली मोठी सोय होईल. आम्हाला मुंबईच गाठावी लागली, तीही सलग दोन दिवस: एक दिवस बोटांचे ठसे आणि फोटो, दुसऱ्या दिवशी मुलाखत. दोन्ही वेगळ्या जागी, म्हणून अपॉइंटमेंटच्या लेटरवरचा पत्ता आधीच नकाशावर पाहून ठेवा. दोन तारखा लागोपाठ मिळतील असं पाहा, नाहीतर वयस्कर माणसांना दोन खेपा होतात.

आम्ही रविवारी वंदे भारतने निघालो. बडोदा ते बोरिवली चार तासांच्या आसपास. बोरिवलीलाच उतरा, मुंबई सेंट्रलपर्यंत गेलात तर उलटं यावं लागतं. आईने डब्यात पुऱ्या आणि लीला चिवडा घेतला होता, पण तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. सारखी विचारत होती, "इंग्रजीत विचारलं तर?" एजंटने तिला वीस प्रश्नांची इंग्रजी उत्तरं पाठ करायला दिली होती, आणि ती रात्री पाठांतर करायची. सुरत येईपर्यंत मी तो कागद तिच्याकडून काढून घेतला. मुंबईच्या वकिलातीत मुलाखत मराठीत, गुजरातीत, हिंदीत देता येते. आपली भाषा आहे, ती वापरावी. पाठ केलेलं उत्तर एका शब्दावर अडलं की माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस खरं बोलत असला तरी खोटा वाटतो.

उतरलो आत्याकडे, सांताक्रूझ पूर्वेला. तिथून बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल, वकिलात तिथेच आहे) जवळ आहे आणि रिक्षा मिळते. ज्यांचं कोणी नाही त्यांनी बीकेसीतल्या महागड्या हॉटेलांच्या नादी न लागता सांताक्रूझ किंवा विलेपार्ले पूर्वेला खोली पाहावी. विमानाने येणाऱ्यांना आता विमानतळावरून बीकेसीला थेट मेट्रो आहे.

सोमवारी ठशांचं काम. वीस मिनिटांत होईल असं वाटलं होतं. बाबा लगेच बाहेर आले, आई येईना. तिचे ठसेच उमटत नव्हते. चाळीस वर्षं पोळ्या लाटून, भांडी घासून, भाजी चिरून बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या. डाव्या हाताची चार बोटं दोनदा, अंगठा तीनदा. शेवटी तिथल्या एका मुलीने सांगितलं, "मावशी, बोटं जरा कपाळावर फिरवा आणि मग ठेवा." तेव्हा ठसा आला. आई बाहेर येऊन कितीतरी वेळ स्वतःच्या बोटांकडेच बघत होती. मी तिचा हात हातात घेतला. इतकी वर्षं त्या हातचं खाऊन मी ती बोटं कधी निरखून पाहिली नव्हती. तुमच्या घरात वयस्कर बाई असेल तर आधीचे आठ-दहा दिवस तिला भांडी-धुण्यापासून सुटी द्या, रात्री बोटांना तेल किंवा क्रीम लावा. मेंदी नको, आणि बोटाला चिरा-कापलेलं असेल तर भरून येऊ द्या.

मंगळवारी मुलाखत. वकिलातीत मोबाइल, स्मार्टवॉच, पिशवी, काही नेऊ देत नाहीत. वयस्कर माणसांबरोबर एकाने जावंच, बाहेर सामान धरून थांबायला. आत फक्त अपॉइंटमेंट असलेल्यांना सोडतात. फार आधी जाऊन उपयोग नाही, वेळेनुसार रांगा लावतात. आम्ही अर्धा तास आधी पोचलो, ते पुरलं. बाबांची गोळ्यांची वेळ सांभाळून नाश्ता करूनच निघालो. आणि हो, आत गेलेल्यांशी फोनवर बोलता येणार नाही, तेव्हा भेटायची जागा आधीच ठरवा. फाटकाबाहेर गर्दी असते, आम्ही समोरचं एक झाड ठरवलं होतं.

त्या झाडाखाली मी पावणेदोन तास उभी होते. पुढचं आईने सांगितलेलं. खिडकीमागे एक अमेरिकन बाई, आणि मराठीत सांगायला दुभाषी. कोणाकडे जाताय? "मुलाकडे. नात झाली आहे, तिला बघायला." मुलगा काय करतो? "औषधांच्या कंपनीत कॉम्प्युटरचं काम. एच-१बीवर आहे." बाबांना विचारलं, तुम्ही काय करायचात? "शाळेत गणित शिकवायचो. आता पेन्शन आहे." खर्च? "तिकीट आमचं, तिथलं मुलगा बघेल." किती दिवस राहणार? आई म्हणाली, "साडेतीन महिने. गणपतीच्या आधी यायचंय, आमच्या घरी गौरी असतात." मग त्या बाईने स्क्रीनकडे बघून विचारलं, लग्नाआधी तुमचं नाव वेगळं होतं का? आणि आईने तिथे उभं राहून माहेरचं पूर्ण नाव सांगितलं. फाइल उघडायलाही सांगितली नाही. पासपोर्ट ठेवून घेतले आणि मंजूर झाल्याचं सांगितलं.

बँकेची कागदं, घराचे दस्त, दादाची पगारपत्रकं, सगळं आम्ही नेलं होतं. न्यावं, कारण मागितलं तर हवं. पण भर कागदांवर नसतो हे समजून घ्या. त्यांच्या कायद्यातलं २१४(बी) कलम सांगतं की येणारा प्रत्येक जण तिथेच राहायला येतोय असं अधिकाऱ्याने धरून चालायचं. तसं नाही हे पटवण्याची जबाबदारी अर्जदारावर. नकार येतो तो बहुतेक या कलमाखाली. म्हणून परत येण्याचं कारण तुमच्या आयुष्यातलं खरं कारण असू द्या. शेत असेल, दुकान असेल, म्हातारी सासू असेल, घरच्या गौरी असतील. २२१(जी) कलमाचा कागद हातात दिला तर तो शेवटचा शब्द नव्हे, बहुतेक वेळा जास्तीची कागदं किंवा तपासणी हवी असते. त्यावर लिहिलेलं शांतपणे पुरं करा.

आमच्या शेजारच्या आजोबांना कोणीतरी सांगितलं होतं की ऐंशीच्या पुढच्यांना मुलाखत लागत नाही. तसं होतं, पण २ सप्टेंबर २०२५ पासून ७९ वर्षांवरच्यांची ती सूट गेली. सवलत उरली ती मुख्यतः जुना बी१/बी२ संपून बारा महिने न झालेल्यांना, तीही काही अटींवर. आणखी एक गैरसमज फार आढळला: मुलाला ग्रीन कार्ड मिळालं की आई-बाबांनाही मिळतं. नाही. आई-वडिलांसाठी अर्ज करायला मुलगा किंवा मुलगी अमेरिकेचे नागरिक असावे लागतात, आणि वय किमान २१.

पासपोर्ट घरपोच येण्यासाठी आम्ही जास्तीचे पैसे भरले होते. बाबांनी पाकीट फोडलं, आणि मी दोघांना आधी एकेक अक्षर तपासायला लावलं: नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर. चूक असेल तर ती आत्ताच कळवायची, विमानतळावर नव्हे. व्हिसा दहा वर्षांचा आहे. दहा वर्षं राहायची परवानगी ती नव्हे. प्रत्येक खेपेला किती दिवस राहायचं ते तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, साधारण सहा महिन्यांपर्यंत. ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी मुलाला सांगून ती ऑनलाइन काढून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. दादाला मी आत्तापासून सांगून ठेवलं आहे. आईने परतीचं तिकीट ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्याचं काढायला लावलंय, गौरींची भांडी घासायला वेळ हवा म्हणून.