३२ कोअर आणि एका थ्रेडची घाई

जो प्रोग्राम १६ कोअरच्या (स्वतंत्रपणे गणित करणाऱ्या १६ भागांच्या) एका प्रोसेसरवर ४० मिनिटांत पुरा होत असे, तोच दोन प्रोसेसरांच्या, म्हणजे एकूण ३२ कोअरच्या यंत्रावर ४६ मिनिटे घेऊ लागला, तेव्हा माझा पहिला संशय ऑपरेटिंग सिस्टिमवर गेला. लिनक्स या माझ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये अनेक प्रोसेसर हाताळण्याची सोय १९९६ साली २.० या आवृत्तीत आली, त्या वेळी सगळ्या कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, मिळून एकच मोठे कुलूप होते; एक प्रोसेसर आत असला की दुसऱ्याने दाराशी ताटकळायचे. हे कुलूप २०११ साली २.६.३९ मध्ये पुरते निघाले, हे ठाऊक असूनही मी दोन दिवस कर्नलच उकरत बसलो. खरे तर प्रोग्रामचा वेळ कर्नलमध्ये जवळजवळ जातच नव्हता. ३२ही कोअर १०० टक्के व्यस्त दिसत होते आणि त्यानेच मी फसलो, कारण मेमरीची वाट पाहत अडलेला कोअरही आकडेवारीत व्यस्तच गणला जातो.

उलगडा व्हायला सुरुवात झाली ती न्यूमाक्टल ही मेमरीची मांडणी दाखवणारी आज्ञा चालवल्यावर. यंत्रात दोन नोड, म्हणजे प्रोसेसर आणि त्याच्या शेजारची मेमरी यांच्या दोन जोड्या, होत्या आणि अंतराच्या तक्त्यात स्वतःच्या नोडपुढे १०, तर पलीकडच्या नोडपुढे २१ असे आकडे होते. हे नॅनोसेकंद नव्हेत, केवळ तुलनेसाठी दिलेले अंक आहेत. पण प्रत्येक प्रोसेसरची मेमरी त्याच्या शेजारी असते आणि दुसऱ्याच्या मेमरीपर्यंत जायचे तर मधला दुवा ओलांडावा लागतो, एवढे त्यांवरून कळते. मग कोणत्या नोडवर किती मेमरी आहे ते सांगणारे न्यूमास्टॅट पाहिले, तर प्रोग्रामची जवळजवळ सगळी मेमरी शून्य क्रमांकाच्या नोडवर! दुसऱ्या प्रोसेसरचे १६ कोअर प्रत्येक आकड्यासाठी पलीकडे खेपा घालत होते.

हे माझेच काम होते. प्रोग्रामने मेमरी मागितली म्हणून लिनक्स ती लगेच देत नाही. ४ किलोबाइटच्या पानावर (मेमरीच्या तुकड्यावर) पहिल्यांदा काही लिहिले जाते तेव्हाच ते पान प्रत्यक्ष दिले जाते आणि, वेगळी सूचना नसेल तर व तिथे जागा असेल तर, लिहिणाऱ्या कोअरच्या नोडवरच. थ्रेड म्हणजे प्रोग्राममधला इतरांबरोबर समांतर चालणारा कामाचा धागा; माझ्या मुख्य थ्रेडने कामाला लागण्यापूर्वी आकड्यांचा सगळा अ‍ॅरे नीटनेटकेपणाने शून्याने भरून ठेवला होता. चांगली सवय म्हणून मी ती वर्षानुवर्षे जपली होती.

कोडला हात न लावता पाने दोन्ही नोडवर आलटून पालटून वाटायला सांगितली, तेव्हा वेळ ३३ मिनिटांवर आला. त्यानंतर ज्या थ्रेडने जो तुकडा सोडवायचा, तो त्यानेच शून्य करायचा, असा बदल केला आणि कोणता थ्रेड कोणत्या कोअरवर चालवायचा ते ठरवणाऱ्या शेड्युलरने थ्रेड इकडून तिकडे हलवू नयेत म्हणून प्रत्येकाला एकेका कोअरशी बांधून टाकले. आता २६ मिनिटे लागली.

दुसरी चूक अधिक लबाड निघाली. प्रत्येक थ्रेडचा मोजणीचा आकडा स्वतंत्र होता, त्यामुळे तिथे भांडण होण्याचे कारणच नाही, अशी माझी समजूत होती. परंतु ८ बाइटचे हे आकडे एका ओळीत शेजारी शेजारी होते, आणि कॅशेची, म्हणजे कोअरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीची, देवघेव आकड्यांत होत नाही, ६४ बाइटच्या पट्ट्यांत होते. एका पट्टीत आठ थ्रेडचे आकडे. एकाने आपला आकडा वाढवला की इतर कोअरकडची ती सबंध पट्टी रद्द ठरायची. प्रत्येक आकड्याला स्वतंत्र पट्टी मिळेल असे अंतर ठेवले, तेव्हा वेळ २१ मिनिटांवर आला. त्याच दुरुस्त्यांनी १६ कोअरवरील वेळही ४० वरून ३८ मिनिटे झाला.

३८ ची निम्मी १९, मग २१ का? सुरुवातीला फाइल वाचणारा भाग एकाच थ्रेडवर चालतो आणि त्याला कितीही कोअर दिले तरी २ मिनिटे लागतातच. संगणक-अभियंते जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेली मर्यादा ती हीच. उरलेल्या ३६ मिनिटांचे काम दुप्पट कोअरवर १८ मिनिटांत व्हावे, म्हणजे एकूण २०. जास्तीच्या एका मिनिटाचा माग मी अजून काढलेला नाही.